कुंदावहिनी, कावळा फार लवकर शिवला

कुंदावहिनी, तुझ्या पिंडाला कावळा फार लवकर शिवला, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तू त्याला आणखी थोडा वेळ अडवून धरायला हवं होतंस. का, ते सांगते. पण आधी बाकीचं ऐकून घे, कारण तू गेल्यापासून माझं कुणाशी धड भांडण झालेलं नाही आणि पोटात सगळं साचून राहिलंय.

गडबच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. भाचीच्या लग्नातला फोटो आहे, तोच, ज्यात नथ टोचत होती म्हणून तू कपाळाला आठ्या घालून उभी होतीस. वर मोठ्या अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून नावांची ही लांब रांग, आणि ज्यांचं नुसत्या नावानं भागलं नाही त्यांचे कोपऱ्यात गोल फोटो. रोज सकाळी गाडीची वाट बघत मी त्याच्यासमोर उभी असते, त्यामुळे नावं आता पाठ झालीत. आपण दोघी बसच्या अर्जावर सह्या मागायला घरोघर हिंडलो, तेव्हा यांतल्याच बायका दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "आमच्या ह्यांना विचारून सांगते." ह्यांनी अजून काही सांगितलेलं दिसत नाही. फ्लेक्सवर नाव घालायला मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. पहिल्या दिवशी तो फाडून टाकावासा वाटला. मग तुझ्या आठ्या दिसल्या आणि मी हात खाली घेतला.

तुझं दुःख लोकांना झालं नाही असं मी म्हणत नाही. गाव रडलं. तुझ्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तुझा नवरा, रमेशदादा, ज्यानं जन्मात चारचौघांत तुला नावानं हाक मारली नाही, तो "कुंदे, कुंदे" करत ओट्यावर बसला होता. मला ती गर्दी बघून तुझी कीव आली. शाळेच्या पडवीत आपण बैठक बोलवायचो, तू सतरंजी अंथरून दाराकडे डोळे लावून बसायचीस, आणि शेवटी आत यायची ती शाळेची बाई, झाडू न्यायला. तेवढी गर्दी तुला जिवंतपणी एकदा तरी मिळायला हवी होती.

आणि मागणी तरी केवढी होती गो आपली? रोह्याच्या कंपनीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं होतात, आपण कंत्राटी बायका ती निवडून पेट्या भरतो. पूर्वी आपल्याला न्यायला बस यायची. मग बाजार मंदावला, ऑर्डरी घटल्या, आणि साहेबांनी खर्च कमी करायला घेतला तो आपल्यापासून. निम्म्या बायका घरी बसवल्या, उरलेल्यांवर काम तेवढंच ठेवलं आणि बस बंद केली. पर्मनंट माणसांची बस चालू राहिली. ती रोज सकाळी पेणकडून येते, नाक्यावर आपल्या डोळ्यांसमोरून जाते, निम्म्या सीट मोकळ्या असतात आणि ती थांबत नाही. ती थांबवा, एवढंच आपलं म्हणणं. नवी बस नको, पगारात वाढ नको, मोकळ्या सीटवर बसू द्या.

तोवर आपण सगळ्यांनी मिळून बबनची मिनिडोर, ती तीनचाकी टेंपोरिक्षा, ठरवली होती. आत दाटीवाटीनं बायका, पुढे बबनच्या दोन्ही बाजूंना आणखी दोघी, मांडीवर डबे. बबन तसा सरळ माणूस, पण त्याला रोह्याच्या बाजारातली दुसरी भाडी असतात. शिफ्ट सुटली की गेटसमोर जरा थांबतो आणि निघतो. ती गाडी चुकली तर विक्रम रिक्षानं नागोठणं, तिथून जे मिळेल ते, आणि घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली. म्हणून भोंगा वाजला की आपल्या बायका चपला हातात घेऊन धावत सुटतात. तूही धावायचीस, धापा टाकत, वर मलाच हसायचीस, "निर्मले, तुला शर्यतीत घालूया गो."

मला या नोकरीत तूच आणलंस. नवऱ्याचं पनवेलचं काम सुटलं, तो घरात भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला, तेव्हा तू माझा हात धरून मला कंत्राटदारासमोर उभं केलंस आणि सांगितलंस, "ही माझी नणंद हाय, कामाला चांगली हाय." मी तुझी कसली नणंद? दोन घरं पलीकडची शेजारीण. पण त्या दिवसापासून मी तुला वहिनी म्हणते ते नुसतं गावाच्या रीतीनं नाही. कंपनीत पट्ट्यावर झाकणं निवडताना माझी कंबर भरून आली की तू न बोलता माझी पेटी तुझ्याकडे ओढायचीस. मी ती परत ओढायची. त्या एका पेटीवरून आपण जेवढ्या भांडलो तेवढ्या सवतीसुद्धा भांडत नसतील.

बरं, पट्ट्यावर दोघींचं काम एकटीनं करून घरी आल्यावर गप्प पडावं ना? नाही. कुणाच्या सासूला डोळे दाखवायला पेणला न्यायचंय, कुणाच्या पोरीचा दाखला अडलाय, कुणाकडे बसच्या अर्जाचं बोलायचंय. मी तुला विचारलं होतं, "तू माणूस हायस का गावाची घरगडी?" तू हसून भाकरी थापत राहिलीस. स्वतःची बीपीची गोळी संपलेली होती आणि ती आणायला तुला वेळ नव्हता. "दवाखाना उघडतो तवा मी पट्ट्यावर असते, तो बंद होतो तवा मी गाडीत असते. डाक्टरला सांग, आमच्यासाठी सकाळी उठून बस," असं म्हणायचीस, आणि मी हसायची. आता ते आठवलं की हसू येत नाही.

मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीची युक्ती तुझीच. वालाच्या शेंगा भरल्या की आपल्याकडे कुणाला घरात बसवत नाही, हे तुला ठाऊक होतं. बैठकीला न येणारं माणूस पोपटीला न बोलावता येतं. तू तुमच्या शेताच्या बांधावर मडकं लावलंस. भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, खडेमीठ, बटाटे, पोरांसाठी अंडी. मडकं उपडं करून भोवती पेंढा रचला, काडी लावली, आणि बायका, पुरुष, पोरं, सगळं आळीचं माणूस आगीभोवती येऊन बसलं. मग तू उभी राहिलीस. आता शेंगा शिजेपर्यंत कुणी उठणार नाही, हा तुझा हिशोब. काय बोललीस त्या दिवशी. मोकळ्या सीट, आपल्या अंगावर उडणारी धूळ, गरोदरपणात मिनिडोरच्या मागच्या फळीवर लटकून कामाला गेलेली एक पोर. सगळे ऐकत होते. तोंडं तुझ्याकडे, डोळे जाळाकडे, पण ऐकत होते. मला वाटलं, जमलं.

मग मडकं उघडलं. पुढचं तुलाच ठाऊक. शेंगा संपल्या, राखेतले बटाटे संपले, आणि तू विचारलंस, साहेबांकडे कोण कोण येणार? कुणाचे हात काळे होते, कुणाचं पोर पेंगत होतं, कुणाच्या गायीला पाणी दाखवायचं राहिलं होतं. बांधावर आपण दोघी उरलो आणि तडकलेल्या मडक्याची खापरं. मी म्हटलं, तू यांना आगीत बसवून ठेवलंस तरी हे यायचे नाहीत. तू खापरं गोळा करत म्हणालीस, "शेंगा बेस झालत्या, नाय?" असा राग आला होता मला तुझा.

खरं भांडण झालं ते मिनिडोरमध्ये, तुझ्या शेवटच्या संध्याकाळी. साहेबांनी एकदाचं भेटीचं कबूल केलं होतं आणि आपण गाडीत विचारलं, कोण येतं बोला. गाडीत एवढ्या बायका, आणि ऐकू येतंय काय, तर इंजिन. कंपनीत वजनकाटा सांभाळणारी सुमनकाकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. नवी सून झालेली रेश्मा खिडकीबाहेर बघायला लागली, जणू तिनं हायवे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. नंदा तर डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेऊन बसली. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "वहिनी, सोड यांना. यांना कशाचं काय पडलेलं नाय. उद्या तुला रस्त्यावर मरताना बघतील आनि डबा सांभाळत गाडीत बसतील." तू म्हणालीस, "असं नको बोलू गो. त्यांना पडलंय. त्या दमल्यात." मी म्हटलं, "आनि आपन? आपन काय झोपून असतो?" गडब आल्यावर उतरताना म्हणालीस, "तू पन दमलीस. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू नाक्यावर आलीस ती पाय ओढत. बंद टपरीच्या कट्ट्यावर बसलीस, डब्याची पिशवी मांडीवर. "डोकं जड हाय गो," म्हणालीस, आणि एका बाजूला कललीस. मी ओरडले. तेवढ्यात ती बस आली. पर्मनंटवाल्यांची. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात हलवले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मला वळसा घातला आणि तो गेला. बस थांबवायला बायका आडव्या आल्यात असं त्याला वाटलं असेल. असं मानणं सोपं जातं मला, म्हणून मी ते धरून ठेवलंय. मग बबन आला. तुला आडवं करायला जागा हवी म्हणून बायका उतरल्या, मी आणि बबननं तुला उचललं आणि आम्ही पेणच्या वाटेला लागलो. मागच्या काचेतून मला दिसलं, त्या कामावर जायला दुसऱ्या गाड्यांना हात करत होत्या. सुमनकाकू, रेश्मा, नंदा, सगळ्या.

डॉक्टर म्हणाला, डोक्यातली नस फुटली, प्रेशर खूप दिवसांचं होतं. गावात म्हणाले, तिचं तेवढंच आयुष्य होतं. तुझ्या पिशवीतला डबा मी घरी नेऊन उघडला. वांग्याची भाजी होती, आणि माझ्यासाठी वेगळी, तिखट कमी. आदल्या दिवशी मी तुझ्याशी तशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी तू माझी भाजी वेगळी काढलीस. वहिनी, या एका गोष्टीसाठी मी तुला माफ करणार नाही.

आता कावळ्याचं. दहाव्याला तळ्यावर तुझे पिंड मांडले. पुरुष पुढे, बायका मागे चिंचेखाली. कावळा समोरच्या शेवरीवर बसलेला, सगळं बघत होता आणि खाली येत नव्हता. गुरुजी म्हणाले, मागे काही राहिलं असेल तर बोला. तुझा भाऊ गागोद्याहून आला होता, तो म्हणाला, "कुंदाताय, प्राचीचं कालेज मी बघतो, तू काळजी नको करू." तुझी लेक प्राची माझ्याशेजारी उभी होती, तिनं माझा हात आवळला. कावळा हलला नाही. रमेशदादानं तंबाखू सोडली. कावळा हलला नाही. त्यालाही ते खरं वाटलं नसावं. ऊन चढत होतं, माणसं चुळबुळायला लागली. तेव्हा तुमच्या शेजारची जनाआजी काठी टेकत म्हणाली, "तिचा जीव कंपनीच्या गाडीत आडकलाय. त्याचं बोला की कोनतरी."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोण कशाला बोलेल, निर्मला आहेच. तू हयात असताना कुंदा होतीच, तशी. मला इतके दिवस रडू येत नव्हतं, त्या वेळी अंगाची आग झाली. मी मोठ्यानं म्हटलं, "माझं काय बोलायचं राहिलं नाय. मी सायबाकडं जानार हाय, एकटी तर एकटी. ज्यांचं राहिलंय त्या बोलतील."

चिंचेखाली एवढी शांतता झाली की तळ्यात म्हैस शिंकली ती ऐकू आली. कुणी कुणाकडे बघेना. तुझ्या प्रेतापुढे रडलेल्या बायका, फ्लेक्सवर नाव दिलेल्या बायका, सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. वरून कावळा आमच्याकडे बघत होता. माझ्या मनात आलं, बरं झालं, आता बसा इथेच संध्याकाळपर्यंत. बघू कोण दमतं.

सुमनकाकू पुढे आली. नवरा गेल्यापासून जिचा आवाज मी पट्ट्यावर कधी ऐकला नव्हता, ती. पदर सारखा केला आणि पिंडांकडे बघून म्हणाली, "कुंदा, मी जाईन निर्मलासंगती." कावळा उडाला आणि खालच्या फांदीवर बसला. ते सगळ्यांनी पाहिलं. मग रेश्मा, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात, "मी पन." तिची सासू वळून बघेपर्यंत कावळा खाली उतरला, मधल्या पिंडाला चोच लावली आणि घास घेऊन गेला.

अगं, नंदाचं तोंड उघडलेलं होतं. मी तिच्याकडेच बघत होते. ती बोलणार होती. तिच्यामागे आणखी दोघी पुढे सरकल्या होत्या. कावळा शिवला तसा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, नंदानं तोंड मिटलं, माणसं हात जोडून अंघोळीला वळली. तुला दोघी पुरल्या. वहिनी, सगळा जन्म तू असाच काढलास. मिळेल त्या वाटणीला पुरे म्हटलंस, फाटक्या साडीला पुरे, अर्ध्या पगाराला पुरे, आणि मेल्यावर तरी जरा ताणून धरायचं तर तिथंही दोघींवर समाधान मानलंस. त्या कावळ्याला भूक लागली असेल, असं तू म्हणाली असतीस, मला ठाऊक आहे. पण गावाला तसं वाटत नाही, आणि पिंडापुढे दिलेला शब्द आपल्याकडे कुणी मोडत नाही. मला सगळ्यांचा शब्द हवा होता.

दोघींचा मिळाला, तोही टिकतो की नाही अशी वेळ आली. तळ्यावरची गोष्ट कंपनीत पोचायला वेळ लागला नाही. सुपरवायझर पट्ट्याजवळून जाताना कुणाकडेही न बघता बोलला, पुढच्या महिन्यात आणखी नावं कमी व्हायची आहेत, कोण कुठे जातं ते आम्हाला दिसतं. त्या दिवशी रेश्माच्या हातून झाकणांची पेटी सांडली. संध्याकाळी तिची सासू माझ्या दारात. तिच्या मुलाचं काम गेलंय, घरात येणारा पगार हाच. "निर्मला, पोरीला सोडव शब्दातनं. नवी हाय ती." मी म्हटलं, "मी कोन सोडवनार? कावळ्याला विचारा." ती रडत गेली. मला वाईट वाटलं, पण दार मी लावूनच घेतलं. रात्रभर मनात येत होतं की तू तिला बसवून चहा दिला असतास.

साहेबांनी भेटीची वेळ दिली ती शिफ्ट सुटल्यावरची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. भोंगा झाला, बायका नेहमीसारख्या चपला काढून गेटाकडे पळाल्या, मी त्यांच्या पाठी बघितल्या आणि मनात म्हटलं, जा, तुमची हीच लायकी. सुमनकाकू माझ्या उजव्या हाताला होती. रेश्मा डाव्या, ओठ पांढरे पडलेले. दोघी आल्या होत्या. तिघी केबिनच्या काचेबाहेर उभ्या राहिलो. साहेब फोनवर होते. फोन चालूच राहिला. बाहेर बबनचा हॉर्न ऐकू आला, एकदा, मग लागोपाठ. रेश्मानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, थांब. मग हॉर्नही थांबला. गेली गाडी, मी समजले.

साहेबांनी आत घेतलं. माणूस वाईट बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तुझ्याबद्दल दोन शब्द काढले, पाणी विचारलं. मी बसचं सांगितलं, तू शिकवलंस तसं, आवाज न चढवता. मोकळ्या सीट, नाका, इतकंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तुम्ही म्हणता हा सगळ्या बायकांचा प्रश्न आहे. आणि आलात तिघी. बाकीच्यांना काही पडलेलं दिसत नाही."

वहिनी, ते वाक्य माझं होतं. मिनिडोरमध्ये तुझ्या तोंडावर मी हेच फेकलं होतं, आणि आता ते टेबलाच्या पलीकडून माझ्याकडे आलं होतं, चांगल्या शर्टातल्या माणसाच्या तोंडून. माझंही तेच मत होतं. साहेबांनी पेन उचललं, म्हणजे भेट संपली.

सुमनकाकू बोलली. बसल्या जागेवरून, हात मांडीवर. "बाकीच्या गाडीकडं पळाल्या, सायेब. ती चुकली तर घरी जायाला गाडी नाय. आमी तिघींनी चुकवली. सगळ्यांनी चुकवून कसं चालंल? त्याचंच तर बोलायला आलाव."

साहेबांचं पेन तसंच राहिलं. रेश्मा खाली बघत होती, पण आता रडत नव्हती. मी सुमनकाकूकडे बघत राहिले. एवढी साधी गोष्ट. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या पुढे पळत होते, आणि मागच्यांना थांबायला का जमत नाही ते मला कळलं नव्हतं. तुला कळलं होतं. तू त्यांच्याबरोबर पळायचीस.

साहेब म्हणाले, वर विचारतो, महिनाअखेरीपर्यंत कळवतो. मला त्यांच्या शब्दाचा भरवसा नाही, खोटं कशाला सांगू. आज सकाळीही ती बस न थांबता गेली. पुढच्या महिन्यात आमची नावं यादीत असतील की नाही, तेही ठाऊक नाही. तुला सांगण्यासारखं जे आहे ते त्यानंतरचं आहे.

आम्ही तिघी गेटाबाहेर आलो. विक्रम कुठे मिळेल म्हणून मी रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. रेश्मानं माझा दंड धरला. कुंपणाच्या वळणावर मिनिडोर उभी होती. बबन खाली उतरून येरझाऱ्या घालत होता, लालेलाल झालेला. मला बघून म्हणाला, "ताई, यांना सांगा काय ते. बाजारातलं भाडं गेलं माझं. किल्ली द्यायला तयार नाय ही बाई."

गाडीची किल्ली नंदाकडे होती. आत मधोमध बसली होती ती, मूठ घट्ट मिटलेली. सगळ्या बायका गाडीत होत्या, एकही गेली नव्हती. घामानं भिजलेल्या, डबे मांडीवर, घरी पोरं, चुली, म्हाताऱ्या सासवा, आणि त्या तेवढा वेळ बसून राहिल्या होत्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. साहेब काय म्हणाले तेही कुणी विचारलं नाही. एकीनं डबा खाली ठेवला, दुसरी सरकली, आम्हाला तिघींना जागा झाली. नंदानं मूठ उघडून किल्ली बबनला दिली आणि म्हणाली, "चल आता, उशीर झाला."

नागोठणं मागे पडलं तरी मी नंदाच्या हाताकडेच बघत होते. वहिनी, त्या गाडीत तू हवी होतीस. मी त्या सगळ्या बायकांसमोर तुला म्हटलं असतं, तुझं बरोबर होतं आणि मी चुकले. तू ते ऐकायला हवं होतंस गो. मी कुणाला असं म्हणत नाही.